स्थानिक धरायचे नाहीत

औषधांच्या दुकानाचे मालक गावसमितीचे अध्यक्ष झाले, त्या दिवसापासून घरीदारी सगळे त्यांना अध्यक्षच म्हणू लागले. बायकोसुद्धा. आधी ती चेष्टेनं म्हणायची, मग सवयीनं म्हणू लागली. यातला फरक अध्यक्षांच्या कधी लक्षात आला नाही.

तो सगळा मुलूख तळ्यांचा. टेकडी उतरली की तळं, वळण घेतलं की तळं. पण नाव एकाच तळ्याचं झालं होतं, शेजारच्या गावच्या मोठ्या तळ्याचं. तिथे हंसाच्या आकाराच्या पायडलच्या होड्या होत्या, आइसक्रीमच्या गाड्या होत्या, आणि मोटारी लावायला जागा नव्हती. त्यामुळे पुष्कळ लोक मोटारीत बसूनच तळं बघून परत जात. अध्यक्षांच्या गावातून या मोटारी नुसत्या जायच्या. एखादी थांबलीच तर औषधांच्या दुकानापुढे, उलटीची गोळी घ्यायला. घाटाची वळणं नेमकी त्यांच्या गावाशी संपत.

"आपलं गाव म्हणजे लोकांना मळमळायला लागण्याचं ठिकाण झालंय," अध्यक्ष समितीच्या बैठकीत कळवळून म्हणत. समितीत त्यांच्याखेरीज बेकरीवाला आणि फोटोवाला असे दोघंच होते. दोघंही मान हलवत.

अशात पर्यटन खात्यानं एक योजना काढली. मोठ्या तळ्यावरची गर्दी कमी करायची, त्यासाठी आसपासची कोणालाच माहीत नसलेली ठिकाणं शोधायची आणि ती सगळ्यांना माहीत करून द्यायची. निवडलेल्या जागेला फलक, बाकं, स्वच्छतागृह आणि माहितीपत्रकात रंगीत फोटो. योजनेचं नाव 'अपरिचित स्थळे'.

अध्यक्षांनी लगेच खात्यात फोन लावला. पलीकडे अधिकारी बाई होत्या. आवाज गोड आणि घाईतला.

"जागा कोणालाही माहीत नसावी, एवढीच मुख्य अट आहे," त्या म्हणाल्या.

"पण मग ती तुम्हाला कळवायची कोणी?"

"तुम्ही."

"मी कळवली म्हणजे मला माहीत आहे. मग ती अपरिचित कशी?"

"तुम्ही तिथलेच ना? मग प्रश्न नाही," बाई म्हणाल्या. "स्थानिक धरायचे नाहीत."

अध्यक्षांना हे उत्तर फार आवडलं. आपण धरले जाणार नाही, याचा अर्थ काय, हे त्यांच्या मनात आलं नाही.

शोध सुरू झाला. खरं सांगायचं तर अध्यक्षांनी आपला मुलूख असा कधी पाहिलाच नव्हता. घर, दुकान, समितीची खोली, आणि संध्याकाळी गच्चीवरून दिसेल तेवढं पाणी. आता दर सुट्टीच्या दिवशी ते टोपी घालून निघत. मागे बेकरीवाला डबा घेऊन, त्याच्या मागे फोटोवाला कॅमेरा घेऊन.

पहिल्यांदा ते वीटभट्टीमागच्या धबधब्यावर गेले. जागा सुंदर होती, पण प्रत्येक खडकावर बदामात दोन-दोन नावं कोरलेली. बेकरीवाला आल्या आल्या एका खडकाला पाठ लावून बसला, तो निघेपर्यंत उठला नाही. पाय दुखतायत, म्हणाला. फोटोवाल्यानं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि सज्जनपणे कॅमेरा दुसरीकडे वळवला.

मग ते प्रतिध्वनीच्या कड्यावर गेले. अध्यक्षांनी छाती भरून आरोळी दिली, "मी अध्यक्ष!"

थोडा वेळ शांतता. मग खालून आवाज आला, "मग खाली या की! माझी गुरं बुजली सगळी, ती गोळा करा!"

एका चिमुकल्या बेटावर तर त्यांना खात्रीच वाटली होती. तिथे एक म्हातारे गृहस्थ गळ टाकून बसले होते.

"इथे कोणी येतं का हो?" अध्यक्षांनी हळूच विचारलं.

"कोणी येत नाही म्हणून तर मी येतो."

"कधीपासून येता?"

"लग्न झाल्यापासून," गृहस्थ म्हणाले आणि पुन्हा पाण्याकडे बघू लागले.

अध्यक्ष हात हलवत परतले. जिथे जावं तिथे कोणी ना कोणी आधीच बसलेलं. "या लोकांना घरदार नाही का?" ते बेकरीवाल्याला म्हणाले.

अध्यक्षांना मात्र घरदार होतं, आणि ते मधोमध वाटलेलं होतं. पुढच्या भागात ते आणि त्यांची बायको राहत. तिला सगळं गाव वहिनी म्हणे. ती घरी शाळेचे गणवेश शिवायची. मागच्या भागात त्यांची धाकटी बहीण राहायची. तिनं लग्न केलं नव्हतं. ती पोस्टाच्या खिडकीवर बसायची आणि तिला सगळे पोस्टातल्या ताई म्हणत. एकाच स्वयंपाकघरात दोन शेगड्या होत्या, आणि त्यांच्या मधे कपाट आडवं लावलेलं. नणंद-भावजयींचं पटत नव्हतं. भांडण कशावरून झालं होतं, तर एका खिडकीवरून. एकीला ती उघडी हवी होती, दुसरीला बंद. त्या दिवसापासून बोलणं तुटलं. जे काही सांगायचं ते अध्यक्षांमार्फत.

"वन्संना सांगा, नळ नीट बंद करायला."

"दादा, वहिनीला सांग, नळ तिच्याकडचा आहे."

दोघी हाकेच्या अंतरावर उभ्या असत आणि अध्यक्ष मधे उभे राहून निरोप पोचवत. तक्रार करत, पण त्यांना ते मनातून सोयीचं होतं. एकीकडचा चहा झाला की दुसरीकडे जाऊन पहिलीबद्दल थोडं वाईट बोलायचं, की दुसरा चहा मिळे.

गावात सगळे म्हणत, या दोघी एकमेकींना पाण्यात पाहतात. ते अक्षरशः खरं होतं. फक्त कोणाला माहीत नव्हतं.

त्याचं असं झालं होतं. एका कडक उन्हाळ्यात वहिनीला शिवणयंत्रापुढे बसवेना. ती उठली आणि वाट फुटेल तिकडे चालत सुटली. झुडपांतून वाकून, एका ओढ्याच्या कोरड्या पात्रातून ती एका लहानशा खाडीसारख्या जागी निघाली. तिन्ही बाजूंना झाडी, पुढे तळ्याचं हिरवं पाणी, काठाला सपाट खडक. आणि खडकावर पाण्यात पाय सोडून नणंद बसलेली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मागे फिरावं, तर जागा सोडल्यासारखं होईल. म्हणून वहिनी खडकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. बराच वेळ दोघी समोर बघत राहिल्या. शेवटी ताई म्हणाली, "तिकडे शेवाळं आहे. सांभाळून."

एवढ्या वर्षांतलं ते पहिलं वाक्य. दुसऱ्या दिवशी दोघी पुन्हा तिथे आल्या, ठरवलं नसताना. ताईला पोहता येत होतं. तिनं वहिनीला शिकवलं. वहिनी जुना मरून गाऊन घालून पाण्यात उतरायची, ताई पिवळा ढगळ टी-शर्ट. पाण्यात असताना वहिनी कधी 'वन्सं, तुम्ही' वरून 'अगं' वर आली, ते दोघींनाही कळलं नाही. दुपारी पोस्टाची खिडकी जेवणासाठी बंद व्हायची, त्या वेळी वहिनी 'मापं घ्यायला' म्हणून घरातून निघायची.

घरी मात्र भांडण तसंच ठेवलं होतं, कुंडीतल्या रोपासारखं रोज थोडं पाणी घालून. कारण भांडण मिटलं असं कळलं असतं, तर अध्यक्षांनी दोघींना मिळून काहीतरी काम लावलं असतं. आणि एकमेकींचं तोंड न पाहणाऱ्या दोन बायका एकाच वेळी घराबाहेर असल्या, तर त्या बरोबर असतील अशी शंका कोणाला येणार?

इकडे फोटोवाल्याला एक कल्पना सुचली. लग्नात नवरा-नवरीच्या डोक्यावर घोंगावत ठेवायला त्यानं उडता कॅमेरा घेतला होता. हंगाम संपल्यामुळे तो पडून होता. "पायांनी शोधण्यापेक्षा वरून शोधू," तो म्हणाला. दुपारच्या स्वच्छ उन्हात त्यानं तो उडवला. संध्याकाळी तो धापा टाकत दुकानात आला आणि पडद्यावर फोटो लावला.

हिरवीगार खाडी. सपाट खडक. आसपास ना रस्ता, ना झोपडी, ना बदामातली नावं. अध्यक्षांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पण हे काय?" बेकरीवाल्यानं बोट ठेवलं. पाण्यावर दोन ठिपके होते. एक मरून, एक पिवळा.

"बदकं असतील."

"एवढी मोठी? शेजारचं झाड बघा, मग ठिपका बघा."

"मरून बदक मी तरी पाहिलं नाही," फोटोवाला म्हणाला.

अध्यक्षांनी चष्मा पुसला, पडद्याला नाक लावलं आणि निर्णय दिला. "मरून ते कासव. पिवळा तो पक्षी. दोन्ही दुर्मिळ."

अधिकारी बाईंना फोन गेला. दुर्मिळ हा शब्द ऐकताच त्यांच्या आवाजातली घाई कमी झाली. "मी स्वतः पाहणीला येते," त्या म्हणाल्या.

अध्यक्षांनी फोटो मोठा करून घेतला आणि घरी आणला. आधी बायकोच्या पुढ्यात धरला. "बघ. हे कासव, तो पक्षी. जन्मभर या गावात राहून तुला तरी माहीत होतं का असं काही आहे?"

वहिनीनं फोटो पाहिला. मरून ठिपक्यावरची फिकट रेघ म्हणजे आपल्या गाऊनची मागून उसवलेली शिवण, हे तिला वरून पहिल्यांदा दिसलं. "छान आहे," ती म्हणाली.

मग ते फोटो घेऊन कपाटापलीकडे गेले. ताईनंही पाहिला. "छान आहे," ती म्हणाली.

एखाद्या बाबतीत दोघींचं एकमत झालेलं अध्यक्षांनी पहिल्यांदाच पाहिलं. त्यांना जागेची निवड बरोबर असल्याचा आणखी एक पुरावा मिळाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी खडकावर बसल्या होत्या, पाण्यात न उतरता.

"दादा मला पक्षी म्हणाला," ताई म्हणाली.

"तुझं बरं आहे. मी कासव आहे."

ताईला हसू फुटलं, मग वहिनीलाही. समोर पाणी नेहमीसारखंच चमकत होतं.

"आपण सांगून टाकू या," वहिनी म्हणाली. "नाहीतरी येणारच आहेत ते इथे."

"काय सांगणार? आम्ही रोज इथे येतो, म्हणून ही जागा घेऊ नका? दादा म्हणेल, अरे वा, मग वाट तुम्हीच दाखवा." ताईनं एक खडा पाण्यात फेकला. "त्यापेक्षा ते येतील तेव्हा आपण पोहत असू. त्यांची अट आहे ना, जागा कोणाला माहीत नसावी? मग बघू देत. गावातल्या दोन बायका निवांत पोहतायत, ती जागा अपरिचित कशी?"

"माझ्या अंगावर गाऊन असेल. चार लोकांसमोर."

"मग काय झालं? दुर्मिळ कासव आहेस तू."

वहिनीनं गाऊनला चिकटलेलं गवत झटकलं. मग म्हणाली, "बघू देत. रोज मी मापं घ्यायला जाते म्हणते. गावात तेवढी मुलं तरी आहेत का? एकदा विचारलं नाही त्यांनी, कोणाचं माप घेतेस म्हणून." ती उठली आणि गाऊनची शिवण चाचपत म्हणाली, "पण हे आधी शिवून घेते."

इकडे समितीला जमिनीवरून वाट काही सापडेना. एकदा काटेरी झुडपांत बेकरीवाल्याचा शर्ट अडकून राहिला, एकदा अध्यक्षांचा एक बूट चिखलानं गिळला. पण अध्यक्ष खूश होते. "वाटसुद्धा कोणाला माहीत नाही! याहून अपरिचित काय असणार?" रात्रीच्या जेवणाला त्यांनी हे बायकोला सांगितलं. वहिनीनं त्यांच्या ताटात भाजी वाढली.

शेवटी होडीनं जायचं ठरलं. मासे धरणाऱ्याची होडी भाड्यानं घेतली, वल्हवायला तो स्वतः. पाहणीच्या दिवशी अधिकारी बाई कोरे करकरीत पांढरे बूट घालून आल्या. त्या फोनवर वाटल्या त्यापेक्षा तरुण होत्या आणि जास्त थकलेल्या. होडीत त्या, अध्यक्ष, बेकरीवाला आणि फोटोवाला बसले. अध्यक्षांनी नारिंगी फुगीर जाकीट घातलं होतं, कारण त्यांना पोहता येत नव्हतं. जाकिटाच्या वरून हार घालता येईल का, याचा ते वाटभर विचार करत होते.

होडी वळणावरून आत शिरली आणि फोटोवाला कुजबुजला, "हललं! कासव हललं!"

"कोणी बोलू नका," अध्यक्षांनी हात वर केला. "घाबरून बुडी मारेल."

कासवानं बुडी मारली नाही. ते पाठीवर पोहत होतं आणि मोठ्यानं हसत होतं. पिवळ्या पक्ष्यानं त्याच्या तोंडावर पाणी उडवलं. मग कासव म्हणालं, "पुरे गं, नाकात गेलं!"

होडीवाल्यानं वल्हं थांबवलं. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. बायको पाण्यात आहे, हे त्यांना दिसलं. बहीण पाण्यात आहे, हेही दिसलं. पण त्यांच्या तोंडून आधी बाहेर पडलं ते वेगळंच.

"तुम्ही... बोलता?"

"इथे बोलतो," ताई म्हणाली.

"एकमेकींशी?"

"मग काय, माशांशी?"

अध्यक्ष बायकोकडे वळले. ती गळ्यापर्यंत पाण्यात उभी होती. केस कपाळाला चिकटलेले, चेहरा लाल झालेला. ती घाबरलेली दिसत नव्हती. तिला इतकं आनंदात त्यांनी कधी पाहिलं होतं, ते त्यांना आठवेना. "तू तर मापं घ्यायला..." ते म्हणाले.

"अहो, पाण्याचं माप घेत होते," वहिनी म्हणाली. "इथे माझ्या गळ्याएवढं आहे. तुमच्या नाकापर्यंत येईल."

ताई पोहत होडीजवळ आली, काठाला हात लावला आणि अधिकारी बाईंना म्हणाली, "नमस्कार. आम्ही दोघी इथे रोज येतो. बरीच वर्षं झाली. म्हणजे ही जागा माहीत असलेली आहे. तुमच्या योजनेत बसणार नाही. तुम्हाला उगाच त्रास झाला."

अधिकारी बाई पाण्याकडे टक लावून बघत होत्या. "गार आहे का हो?" त्यांनी विचारलं.

"आधी वाटतं. मग नाही."

"खाली दगड आहेत की वाळू?"

"वाळू. उतरा ना."

क्षणभर वाटलं, बाई बूट काढणार. त्यांनी वाकून नाडीला हातसुद्धा लावला. मग खिशातला फोन वाजला. तो बंद करून त्या सरळ बसल्या आणि आवाज पुन्हा घाईतला झाला.

"तुम्ही याच गावच्या?"

"हो. मी पोस्टात असते. ही माझी वहिनी. त्या जाकिटातल्या साहेबांची बायको."

"मग हरकत नाही," बाई म्हणाल्या. "स्थानिक धरायचे नाहीत."

ताईचा हात होडीवरून सुटला.

जागा मंजूर झाली. माहितीपत्रकात फोटो आला, त्याखाली ओळ होती: 'स्थानिक महिलांचा उत्स्फूर्त सहभाग'. ओढ्याच्या पात्रात यंत्र आलं आणि वाट रुंद केली. सपाट खडकात भोक पाडून फलक उभा केला. त्याच्या शेजारी दुसरा: 'येथील शांतता अनुभवा'. पहिल्याच सुट्टीला तिथे एवढी माणसं आली की शांतता अनुभवायला रांग लागली. ज्यांनी पाठीवर गाण्याचं खोकं आणलं होतं, त्यांनी ते फलकालाच टांगलं.

अध्यक्षांचे पहिले काही आठवडे हवेत गेले. मोटारी आता गावात थांबत. त्यांच्या दारातच थांबत, त्यामुळे त्यांना दुकानात जायला मागच्या भिंतीवरून उतरावं लागे. एकदा परसात एक अनोळखी कुटुंब चटई टाकून जेवत होतं. अध्यक्षांनी हे आमचं घर आहे म्हटल्यावर त्यांनी सौजन्यानं त्यांनाही एक घास देऊ केला.

घरात मात्र वेगळंच घडलं होतं. आता भांडणाचं नाटक करायचं कारण उरलं नव्हतं, म्हणून एके सकाळी दोघींनी मिळून मधलं कपाट बाजूला ओढलं. एक शेगडी काढून टाकली. त्या दिवसापासून चहा एकदाच मिळू लागला. एकीबद्दल दुसरीकडे काही बोलायला जावं, तर पहिली तिथेच बसलेली असे.

"काय म्हणत होतास, दादा?"

"काही नाही."

आणि मग एका सोमवारी, गर्दी कमी असेल म्हणून, वहिनी एकटी खाडीवर गेली. पोहायला नव्हे, नुसतं बघायला. ती खडकाच्या टोकाशी, जिथे पहिल्या दिवशी बसली होती, तिथे उभी राहिली. एक तरुण जोडपं फोटो काढत होतं. मुलगी हसून म्हणाली, "काकू, तुम्ही इथल्याच का? जरा बाजूला व्हाल? फोटोत येताय."

वहिनी बाजूला झाली. घरी आली, शिवणयंत्रापुढे बसली आणि संध्याकाळपर्यंत उठली नाही. अध्यक्षांना हे ताईनं सांगितलं, दुकानात येऊन, गिऱ्हाइकांच्या देखत. सांगून झाल्यावर ती निघून गेली. डोकेदुखीची गोळी मागायला आलेला माणूस म्हणाला, "राहू द्या, नंतर येतो."

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष कोणालाही न सांगता खाडीवर गेले. जमिनीवरून, रुंद झालेल्या वाटेनं. त्यांना कोणी ओळखलं नाही. एकानं हातात फोन देऊन सगळ्या घोळक्याचा फोटो काढायला सांगितला. त्यांनी काढला, त्यात त्यांचं बोट आलं. मग तो घोळका गेला आणि बाटल्या राहिल्या. अध्यक्षांनी वाकून एक उचलली. मग दुसरी. कोट धुवायला टाकताना वहिनीला त्याच्या खिशात चुरगाळलेल्या बाटल्यांची झाकणं सापडली. तिनं झाकणं काढून घेतली आणि कोट भिजवला. त्यानंतर ते दर मंगळवारी पोतं घेऊन जाऊ लागले.

हंगाम संपला, पुढचा आला. एके दिवशी जेवणाच्या वेळी अधिकारी बाईंचा फोन आला.

"अभिनंदन," त्या म्हणाल्या. "तुमचं स्थळ फार लोकप्रिय झालं. त्यामुळे आता ते योजनेत बसत नाही."

"म्हणजे?"

"आता ते परिचित झालं ना! यंदाच्या यादीतून काढलंय. फलक आम्ही उचलून नेतो, दुसरीकडे लावायला. तुमच्याकडे नवीन काही आहे का? शेजारच्या गावानं एकदम भरपूर जागा कळवल्यात."

अध्यक्षांनी हातातला घास ताटात परत ठेवला. शेजारच्या गावानं! आधी मोठं तळं, वर आता हे. त्यांनी मान वळवली. बायको आणि बहीण एकाच ताटलीतून काकडीच्या फोडी खात होत्या. हल्ली दोघी दुपारच्या पुन्हा कुठेतरी जात होत्या. कुठे, ते त्यांना माहीत नव्हतं. पण जातात एवढं माहीत होतं. दोघींचे हात थांबले. त्यांच्याकडे बघत त्या तशाच बसल्या.

"नाही," अध्यक्ष फोनवर म्हणाले. "आमच्याकडे आता काही उरलं नाही."

"नक्की? आणखी एकदा शोधा. स्थानिकांना विचारा."

"स्थानिक धरायचे नाहीत ना?" अध्यक्ष म्हणाले आणि फोन ठेवला. नंतर त्या रात्री त्यांना शेजारच्या गावाच्या विचारानं झोप लागली नाही, हेही खरं.

दोन-चार दिवसांनी दुपारी त्यांनी दुकानाचं दार ओढून घेतलं आणि घरी आले. दोघी मागच्या दारातून निघतच होत्या. अध्यक्ष खांद्यावर टॉवेल टाकून उभे राहिले.

"मी येऊ का?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"समितीसकट?" ताईनं विचारलं.

"एकटा."

"डोळे बांधून यावं लागेल," वहिनी म्हणाली.

"अगं, मी अध्यक्ष आहे."

"म्हणूनच."

त्यांच्याच टॉवेलानं त्यांचे डोळे बांधले. एकीनं एक हात धरला, दुसरीनं दुसरा. ते ठेचकाळले, एकदा कशाला तरी नमस्कार घालत पडले, आणखी किती आहे म्हणून वाटभर विचारत राहिले. शेवटी थांबवून टॉवेल सोडला तेव्हा अध्यक्षांनी डोळे चोळले.

समोर एक डबकं होतं. तळं म्हणायचं तर म्हणता आलं असतं. पाणी मातकट. काठाला गुरांच्या खुरांचे ठसे, त्यांत साचलेलं पाणी. एका बाजूला मोडका कुंपणाचा खांब, दुसरीकडे उंच गवत. वर एक साधं, पसरट आकाश.

"हे?" अध्यक्ष म्हणाले. "पण इथे बघण्यासारखं काय आहे?"

"काहीच नाही," वहिनी खुशीत म्हणाली आणि मरून गाऊन सावरत पाण्यात उतरली.